तिसऱ्या सिलेंडरची भेग

३ फेब्रुवारी

भाऊजी,

पत्र बघून दचकू नका. फोन केला की नेमकी तुमच्याकडे रेंज जाते. दोनदा तर तुम्ही "हॅलो, हॅलो, ऐकू येत नाही" करून ठेवून दिलात, आणि माझा आवाज काय आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. शेवटच्या बाकावरच्या पोरांना कधी ऐकू आलं नाही असं झालं नाही. म्हणून लेखी.

तुमच्या मालकांची, म्हणजे आमच्या ह्यांची, गाडी ट्रकवर चढवून तुमच्याकडे पाठवली आहे. मी मार्चअखेर घर सोडून लेकीकडे राहायला जातेय, त्यामुळे शेडही रिकामी करायची आहे. एक दंतवैद्य घ्यायला तयार होते. नवीन बॅटरी आणली, पाणी भरलं, चालू केली. सायलेन्सरमधून असा पांढरा धूर आला की शेजारच्या बाईंनी खिडक्या लावून घेतल्या. धूर कसला, बंबाची वाफच. खाली पाण्याचे थेंबही पडले. पाच मिनिटांत बंद. दंतवैद्य म्हणाले, "विचार करून सांगतो." म्हणजे नाही.

ती दोन माणसांची लाल डबी तुम्ही दोघांनी भंगारातून उचलून उभी केलीत, तेव्हा तिचं दुखणं तुमच्याइतकं कोणाला कळणार? काय बिघडलंय, कशामुळे बिघडलंय, ते स्वच्छ लिहून कळवा. "बघतो" हे उत्तर धरलं जाणार नाही.

आणि एक. ते गेल्याला वर्ष झालं. एकदाही फिरकला नाहीत. गॅरेजही उचलून दुसऱ्या गावाला नेलंत, तेही मला किराणावाल्याकडून कळलं. माझं काही चुकलं असेल तर सांगा.

वहिनी

११ फेब्रुवारी

वहिनींना दंडवत.

तुमचं पत्र म्हणजे समन्सच. चुकलं कसलं तुमचं! जुनी जागा मालकाने मागितली, इकडे स्वस्तात शेड मिळाली, पळापळीत राहून गेलं. फोनचं म्हणाल तर इथे पत्र्याखाली खरंच रेंज नसते.

गाडी पोचली. बघितली. वर्षभर उभ्या असलेल्या गाडीचं असंच होतं. इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्या मधे गळती थांबवणारं एक पातळ गॅस्केट असतं. वाळून फाटलं की पाणी सिलेंडरमध्ये जातं आणि त्याची वाफ मागून निघते. यात कोणाचा दोष नाही, वयाचा दोष.

माझं ऐकाल तर उगाच खोलाखोली नको. गाडी माझ्याकडेच राहू दे. दंतवैद्य देत होते तेच मी देतो. तुमची शेड मोकळी, तुमच्या डोक्याचा ताप गेला. कागदावर सही करून पाठवा, एवढंच.

तब्येतीला जपा.

आपला मिस्त्री

१६ फेब्रुवारी

भाऊजी,

तीस वर्षं मी परीक्षेच्या वर्गात फेऱ्या मारल्या आहेत. पोरगं कॉपी करत असलं की आधी प्रश्न न वाचताच उत्तर लिहायला लागतं. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि लाल पेन घेऊन तुमच्या एका वाक्याखाली रेघ मारली. "खोलाखोली नको." का नको? जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या खोलून बघायची हौस असलेला माणूस, आणि या एका गाडीचं झाकण उघडायला नको म्हणतोय?

आणि खरेदी? ही गाडी विकत घ्या म्हणून ते तुमच्या मागे लागले होते तेव्हा तुम्ही काय म्हणाला होतात, "मालक, तिची हौस तुम्ही करा, मी फक्त शिव्या खातो." आता एकदम दंतवैद्याच्या भावात? यात कुठेतरी पाणी मुरतंय, आणि ते सिलेंडरमधलं नव्हे.

हेड खोला. फाटलेलं गॅस्केट मला पार्सलने पाठवा. जिथे तपासायला द्याल तिथला कागदही पाठवा. मला कळणार नाही असं समजू नका, न कळणारं मी विचारून घेते.

वहिनी

२४ फेब्रुवारी

वहिनी,

हरलो. खोललं.

गॅस्केट थोडं दबलंय, पण फाटलेलं नाही. म्हणजे मी आधी लिहिलं ते चुकलं. भेग हेडलाच आहे. हेड म्हणजे इंजिनाचं झाकण, तुमच्या कुकरच्या झाकणासारखं समजा, फक्त त्याच्या पोटातून पाणी फिरतं, इंजिन थंड राहावं म्हणून. भेग नुसत्या डोळ्याला दिसत नव्हती. मशीन शॉपवाल्याकडे नेलं. त्याने हेडची सगळी भोकं पट्ट्या आवळून बंद केली, आतून हवा भरली आणि कढत पाण्याच्या टाकीत बुडवलं. गार पाण्यात दाखवत नाही, गरम झालं की भेग तोंड उघडते. दोन मिनिटं काही नाही. मग तिसऱ्या सिलेंडरच्या व्हॉल्व्हच्या कडेने एकेक बुडबुडा यायला लागला. मोत्याएवढा. मी आणि तो नुसते बघत बसलो.

तिसरा प्लगही काढून बघितला. बाकीचे तीन काळे, हा चकचकीत धुतल्यासारखा. तिथेच पाणी जात होतं.

जुना धातू आहे, थंडी-ऊन खाऊन जातो कधीकधी. उपाय आहे. भेगेच्या दोन्ही टोकांना बारीक छिद्रं पाडायची म्हणजे ती पुढे पळत नाही, हेड भट्टीत तापवून वेल्डिंग करायचं, व्हॉल्व्हची बैठक नव्याने कापायची, तळ घासून सपाट करायचा आणि पुन्हा टाकीत बुडवून बघायचं. नाहीतर दुसरं हेड शोधायचं, पण या गाडीचं मिळणं कठीण.

गॅस्केट आणि शॉपची चिठ्ठी सोबत पाठवतोय, मागितलीत म्हणून.

मिस्त्री

१ मार्च

भाऊजी,

चिठ्ठी तुम्ही वाचली होतीत का? मी वाचली. अक्षर वाईट आहे, पण त्याहून वाईट अक्षरं मी तपासली आहेत. शेवटी लिहिलंय, "कारण: इंजिन फार तापलेलं असताना वरून गार पाणी ओतलेलं दिसते. उभ्या गाडीचा प्रकार नव्हे."

म्हणजे "जुना धातू, थंडी-ऊन" ही थाप. धडधडीत थाप, भाऊजी! आणि तीही मला!

आता माझं ऐका. हे तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतणारे नव्हते. लग्नानंतर पहिल्यांदा फिरायला नेलं तेव्हा चढावर गाडी तापली. बोनेट उघडं टाकून पाऊण तास मला दगडावर बसवून ठेवलं. माझ्या हातात पाण्याची बाटली होती, म्हटलं ओता, तर माझ्यावर असे ओरडले जसं काही मी मूल विहिरीत टाकतेय. "निवू दे, निवू दे." चाळीस वर्षं हेच ऐकलं. तर त्या दिवशी ते पाणी त्यांनी ओतलं नाही. कोणीतरी दुसऱ्याने ओतलं.

आणखी एक सांगते, जे मी आजवर कोणाला बोलले नाही, कारण मला वाटलं माझंच डोकं फिरलंय. दंतवैद्य त्यांच्याच उंचीचे. बसायला गेले तर गुडघे स्टीअरिंगला अडकले. ड्रायव्हरची सीट पार पुढे ओढलेली. ती गाडी रस्त्यावरून क्रेनने उचलून आणली, इथे कोणी चालवली नाही, वर्षभर ताडपत्री हलली नाही. म्हणजे शेवटी ती गाडी एका ठेंगण्या माणसाने चालवली. का बाईने?

मला काय सांगितलं गेलं? की गुरुवारी तुम्ही जेवायला गेला असताना ते तुमच्या गॅरेजमधून खिळ्यावरची किल्ली घेऊन गेले, घाटात छातीत कळ आली, गाडी एकटी उभी होती, एका ट्रकवाल्याने बघितलं आणि दवाखान्यात नेलं. एकटे होते. या एका शब्दावर मी वर्ष काढलंय. रोज जेवताना मनात येतं, त्यांनी कोणाला हाक मारली असेल, तर कोणाला? आणि आता हे. कोणीतरी होतं, आणि ते कोणीतरी त्यांना तिथे टाकून निघून गेलं. एकटे होते ते बरं म्हणायची वेळ आली माझ्यावर.

तुम्हाला ठाऊक आहे ते कोण. म्हणूनच हेड खोलायला नको होतं तुम्हाला. नाव लिहा.

वहिनी

६ मार्च

वहिनी,

पाणी ट्रकवाल्याने ओतलं असेल. मदत करायला म्हणून. सीट क्रेनवाल्याने सरकवली असेल. मेलेल्या माणसाबद्दल भलता विचार मनात आणू नका, मालक तसे नव्हते. पाय धरतो, पण हा विषय सोडा. मी हेड वेल्डिंग करून गाडी चालू करून देतो, फुकट, आणि दंतवैद्याला विकून मोकळ्या व्हा.

मिस्त्री

१० मार्च

भाऊजी,

ट्रकवाल्याला एक माणूस मरणाला टेकलेला दिसला आणि त्याने आधी बादली शोधून इंजिनात पाणी घातलं? असं उत्तर सातवीतल्या पोराने लिहिलं असतं तर पालकांना बोलावलं असतं मी.

तुम्ही सांगणार नसाल तर मी शोधून काढते. त्यांच्या ऑफिसात नकाशांच्या खोलीला लागून जी टायपिस्ट बसायची, ठेंगणी, चष्मेवाली, ती त्या दिवशी आमच्या घरी सगळ्यांत जास्त रडली होती. घरच्यांपेक्षा जास्त. तिला गाडी चालवता येते, हेही मी विचारून घेतलंय. त्या गुरुवारी ती रजेवर होती, हेही. रविवारी सकाळी मी तिच्या घरी जातेय. तिचा नवरा असेल, सासू असेल, पोरं असतील. असू देत. सगळ्यांसमोर विचारीन.

तुम्ही मित्राला पाठीशी घालताय, मला कळतंय. पण माझाही तो नवरा होता. मला कळायला नको?

वहिनी

१२ मार्च, कुरिअरने

वहिनी, त्या बाईंकडे जाऊ नका. त्यांचा काही संबंध नाही. ठेंगणा माणूस मीच. पत्र उद्या निघतं आहे, मिळेपर्यंत थांबा.

१३ मार्च

वहिनी,

लिहायला बसलोय. अक्षर लागलं नाही तर माफ करा.

किल्ली कोणी चोरली नव्हती. मी दिली. छातीच्या दुखण्यामुळे डॉक्टरांनी त्यांना ती गाडी चालवायची बंद केली, स्टीअरिंग जड, ब्रेक जड, आणि तुम्ही स्वतः येऊन किल्ली माझ्या हातात ठेवली होतीत. "मेले तरी देऊ नका," म्हणालात. मी शपथ घेतली. गुरुवारी दहाला मालक आले. म्हणाले, नुसती चालू कर, आवाज ऐकू दे. चालू केली. मग म्हणाले, नाक्यापर्यंत. मग म्हणाले, घाटापर्यंत, तू शेजारी बस, काही झालं तर तू आहेस. लहान मुलासारखं तोंड केलं हो त्यांनी. मला नाही म्हणवलं नाही.

वरच्या वळणापर्यंत असे खूष होते! मग बोलता बोलता गप्प झाले, गाडी कडेला घेतली आणि म्हणाले, मिस्त्री, आता तू घे. तोंड पांढरं पडलं होतं. त्यांना शेजारी बसवलं, सीट पुढे ओढली आणि निघालो. दवाखाना घाटापलीकडे, मधे अजून एक मोठा चढ. मी गाडी पिळून काढली. रेडिएटरचा खालचा पाइप म्हातारा झाला होता, त्या आठवड्यात बदलणारच होतो. तो फुटला. काटा लाल, बोनेटमधून वाफ. थांबलो.

पाइपला फडकं आणि तार आवळली. रस्त्याच्या कामाचं पिंप होतं, त्यात पाणी होतं. निवायला अर्धा तास हवा, हे मला जगात सगळ्यांत आधी कळायला हवं. पण अर्धा तास कुठून आणू? ओतलं. आतून टक् असा आवाज आला. तेव्हाच मला कळलं हेड गेलं. तरी सेल्फ मारला, तरी दोन किलोमीटर रेटली, मग बंद पडली ती पडलीच. तिसऱ्या ट्रकला हात केला, तो थांबला.

तिसऱ्या, वहिनी. मी पाणी ओतत होतो तेव्हा दोन ट्रक शेजारून गेले. एकाने तर गाडी हळू केली, खिडकीतून बघितलं. मी हात वर केला नाही. माझी गाडी, मी बांधलेलं इंजिन, मी चालू करणार, मी पोचवणार, एवढंच डोक्यात. मिस्त्रीपणा नडला. पहिल्या ट्रकला हात केला असता तर वीस मिनिटं वाचली असती. डॉक्टर म्हणाले, वीस मिनिटांनी काही झालंही असतं, नसतंही. ते मी रोज ऐकतो.

ट्रकमध्ये त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. दवाखान्याच्या दारात कळलं की संपलं. मी ट्रकवाल्याच्या पाया पडलो, म्हटलं सांग, एकटे सापडले. तुमच्यासमोर काय तोंड घेऊन उभा राहणार होतो? संध्याकाळी तुमच्या घरी आलो तर तुम्ही मलाच धरून म्हणालात, "तुम्ही तरी असायला हवे होतात हो." तिथून मी जो पळालो तो अजून पळतोय.

चिठ्ठीचं विचारलंत. वाचूनच पाकिटात घातली होती. सांगायचं धाडस नव्हतं, लपवायचंही आता होत नव्हतं.

शेवटी काय बोलले ते तुम्ही विचाराल, म्हणून तेही लिहितो. मला खूप वाटलं की तुम्हाला बरं वाटेल असं काहीतरी लिहावं. दोन कागद फाडले. पण खरं हे आहे. मी बादली उचलली तेव्हा ते सीटवरून बघत होते. म्हणाले, "अरे गाढवा, गरम इंजिनात गार पाणी ओततोस? तुला मिस्त्री कोणी केला?" आणि थोडं हसले. त्यानंतर काही बोलले नाहीत.

पोलिसात सांगायचं असेल तर सांगा. मी इथेच आहे.

मिस्त्री

१९ मार्च

भाऊजी,

रविवारी मी त्या टायपिस्टच्या घराकडे निघाले होते. चपला पायात होत्या, तेवढ्यात कुरिअरवाला दारात आला. त्याने तासभर उशीर केला असता तर एका चांगल्या बाईचा संसार मी भर सकाळी उसवून आले असते. याची मला लाज वाटते. तिच्याकडे मी नंतर गेले, नुसती चहाला. ती बिचारी अजून त्यांच्या नकाशांच्या सुरळ्या झटकून ठेवते. रजा तिने पोराला गोवर आला म्हणून घेतली होती.

तुमचं पत्र मी चार दिवस उघडून ठेवलंय. पहिल्या दिवशी तुम्हाला खूप शिव्या दिल्या, मोठ्याने, भिंतीला. किल्लीबद्दल दिल्या. वर्षभर थापा मारल्यात, त्याबद्दल दिल्या. दुसऱ्या दिवशी तेच पत्र पुन्हा उत्तरपत्रिकेसारखं वाचलं, हा माणूस परत खोटं तर बोलत नाही ना म्हणून. लाल पेन घेऊनच बसले होते.

भाऊजी, शेवटी त्यांनी माझं नाव घेतलं असं तुम्ही लिहिलं असतंत, तर मी पत्र फाडून चुलीत घातलं असतं. चाळीस वर्षांत त्यांनी मला नावाने हाक मारली नाही, "अगं ए" सोडून. पण "गाढवा" म्हणाले ना? छातीत कळ येत असताना, स्वतःचा जीव चाललाय आणि हा माणूस इंजिनाची काळजी करतोय? हे कोणाला रचता येणार नाही. हे तेच. मी वाचलं आणि हसले, वर्षभरात पहिल्यांदा, आणि मग इतकी रडले की शेजारच्या बाई धावत आल्या.

ते एकटे नव्हते. त्यांच्यावर जीव असलेलं माणूस जवळ होतं, आणि ते त्याला शिव्या देत होते. म्हणजे घरच्यासारखेच होते. हे तुम्ही मला वर्षापूर्वी द्यायला हवं होतंत. ते माझं होतं, तुम्ही दाबून ठेवलंत.

दोन ट्रकचं मात्र मला गिळता येत नाही. माफ केलं असं मी लिहिणार नाही, कारण केलेलं नाही. होईल की नाही ठाऊक नाही. पण पोलिसात कशाला जाऊ? तुम्हाला जे रोज ऐकू येतं त्याच्यावर पोलीस आणखी काय करणार?

गाडी विकत नाही. दंतवैद्यांना कळवलंय. दुसरं हेड शोधत बसू नका, सहा महिने लावाल आणि तेवढ्यात पुन्हा गाव बदलाल, माझा काही भरवसा नाही तुमच्यावर. तेच हेड सांधा. टाकीत बुडवून बघा, एकही बुडबुडा येता कामा नये, आणि शॉपवाल्याची चिठ्ठी मला पाठवा. सगळे पाइप नवीन घाला.

मग गाडी घेऊन स्वतः या. तुम्ही जिथे थांबलात ते वळण मला बघायचंय, आणि त्या दिवसाचं सगळं तुमच्या तोंडून, तिथे उभं राहून ऐकायचंय. मी विचारीन, तुम्ही सांगाल. घर मार्चअखेर सुटतंय, पण लेकीला सांगितलंय की चार-आठ दिवस इकडे-तिकडे होतील.

येताना चढावर गाडी तापली तर थांबा. निवू द्या. कितीही वेळ लागला तरी मी दारात बसून आहे.

वहिनी